मध्येंच थांबविलेला प्रयोग

घोटीच्या बाजूस भाताचें नवें बियाणें आलें म्हणजे जाणता शेतकरी एकदम सारें शेत त्याच्या हवालीं करीत नाहीं. एका खाचरांत नवें व शेजारच्या खाचरांत जुनें अशी आवणी करून तो दोहोंची निगा सारखीच ठेवतो, आणि झोडणी झाल्यावर दोन्हींचें माप घेऊन मग आपलें मत ठरवितो. नव्या औषधाची परीक्षाही वस्तुतः याच रीतीनें होत असते. भेद आहे तो इतकाच कीं, खाचरांत रोपें असतात आणि रुग्णालयांत माणसें असतात. एका खाचरांतील पीक मागें पडतांना दिसलें, तरी शेतकरी झोडणीपर्यंत थांबूं शकतो. परंतु एका बाजूचे रोगी दुसऱ्या बाजूपेक्षां अधिक दगावत आहेत असें दिसूं लागल्यावर हिशेब पुरा होईपर्यंत वाट पाहणें माणुसकीला धरून होईल काय? उलटपक्षीं, पहिल्या चार दिवसांच्या दर्शनावर भुलून परीक्षा आटोपती घेतली आणि तें दर्शनच फसवें निघालें, तर पुढें येणाऱ्या हजारों रोग्यांच्या वांट्यास भलतेंच औषध जाईल, त्याची जबाबदारी कोणाची? या पेंचांतून वाट काढण्याची जी पद्धति आज रूढ आहे, ती प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्यासारखी आहे.

त्यासाठीं नागपूर व बेळगांव येथील अनुभवाचें एक उदाहरण पुरेसें आहे. तें अपुऱ्या दिवसांच्या मुलांचें आहे. पूर्ण दिवसांचें बाळंतपण म्हणजे सुमारें ४० आठवड्यांचें. ३४ आठवड्यांच्या आंत जन्मलेल्या बाळाचीं फुप्फुसें पुष्कळदां कच्चीं असतात, आणि पहिल्या श्वासापासूनच त्याची दमछाक सुरू होते. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी या दोघां डॉक्टरांनीं १९७२ सालीं असें दाखवून दिलें कीं, प्रसूतीपूर्वीं आईस स्टेरॉइड वर्गांतील औषध टोचलें असतां बाळाचा हा त्रास कमी होतो. पुढें श्रीमंत देशांतील रुग्णालयांतून ही रीत रूढ झाली. औषध स्वस्त, टोचण्यास सोपें. तेव्हां जेथें अशीं मुलें सर्वांत अधिक दगावतात, त्या गरीब देशांतील खेड्यापाड्यांतूनही तें कां देऊं नये, असा प्रश्न साहजिकच निघाला.

त्याचा निकाल लावण्यासाठीं २०११ ते २०१४ या काळांत सहा देशांत एक मोठा प्रयोग झाला. भारतांतील त्याचीं केंद्रें नागपूर व बेळगांव हीं होतीं. गांवांचे गट चिठ्ठ्यांच्या न्यायानें दोन भागांत वांटले. एका भागांत अपुऱ्या दिवसांचें बाळंतपण ओळखून इंजेक्शन देण्याची व्यवस्था केली. दुसऱ्या भागांत नेहमींचीच व्यवस्था ठेवली. सुमारें एक लक्ष जन्मांची नोंद झाली, आणि हिशेब पुरा झाल्यावर जें दिसलें त्यानें सर्वच चकित झाले. फार लहान बाळांच्या मृत्यूंत म्हणण्यासारखी घट नव्हती. आणि सर्व बाळांचा एकत्र विचार करतां, पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण नेहमींच्या व्यवस्थेंत दर हजारीं २३.९, तर औषधाचा प्रसार झालेल्या भागांत २७.४ भरलें. मातांमध्येंही जंतुसंसर्गाचा संशय अधिक आढळला. ज्यांचें बाळंतपण मुळीं अपुऱ्या दिवसांचें नव्हतेंच, अशाही पुष्कळ स्त्रियांस दिवसांचा अंदाज चुकल्यामुळें औषध मिळालें होतें.

औषध सुसज्ज रुग्णालयांत तारक आणि खेड्यांत मारक, असा याचा अर्थ घ्यावा, कीं गरीब देशांत तें मुळींच लागू पडत नाहीं असें समजावें? हा संशय खराखुरा होता, आणि म्हणूनच पुन्हां परीक्षा घेणें न्याय्य ठरलें. उत्तर ठाऊक असतांना रोग्यांस दोन भागांत वांटणें हें पाप होय. उत्तर ठाऊक नसतांना तसें करणें हें कर्तव्य होऊं शकतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ च्या डिसेंबरांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया व नायजेरिया या पांच देशांतील २९ रुग्णालयांत नवा प्रयोग आरंभिला. बेळगांवचें जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय त्यांत होतें. ज्यांचे २६ आठवडे भरले आहेत, ३४ भरले नाहींत, आणि ज्या लौकरच प्रसूत होण्याचा संभव आहे, अशाच स्त्रिया घेण्यांत आल्या. दिवसांची खातरजमा सोनोग्राफीनें केली जाई. निम्म्यांस डेक्सामेथासोन, व निम्म्यांस तसेंच दिसणारें निरौषधी पाणी टोचीत. कोणास काय मिळालें हें आईस ठाऊक नसे आणि डॉक्टरासही नसे.

मग थांबावयाचें केव्हां, हें ठरवावें कोणीं? एकत्र कुटुंबांत वांटणीचा प्रसंग आला म्हणजे भावाभावांनीं आपसांत हिशेब न करतां बाहेरचा पंच बोलवावा, हें शहाणपण आपल्या घरोघरीं आहे. येथेंही तेंच शहाणपण चालतें. प्रयोग करणाऱ्यास आपल्या औषधाचा मोह असण्याचा संभव. औषध विकणाऱ्याचा तर उघड स्वार्थ. आणि रोग्यास एकंदर चित्र दिसत नाहीं. म्हणून त्रयस्थ जाणकारांचें एक देखरेख मंडळ नेमतात. त्यांत वैद्यकाचे व संख्याशास्त्राचे तज्ज्ञ असतात. प्रयोग चालूं असतां दोन्ही बाजूंचा हिशेब पाहण्याचा अधिकार त्या मंडळाचाच. तो किती वेळां पाहावयाचा, आणि कितपत फरक दिसला असतां थांबावयाचें, याचे नियम हिशेब उघडण्यापूर्वींच लिहून ठेवलेले असतात.

या मंडळानें ठरल्याप्रमाणें दुसऱ्या वेळीं हिशेब पाहिला, तेव्हां पारडें स्पष्टपणें एका बाजूस झुकलें होतें. प्रयोग तेथेंच थांबला. २१ नोव्हेंबर २०१९ नंतर एकही नवी स्त्री त्यांत घेतली गेली नाहीं. तोंवर २,८५२ स्त्रिया दाखल झाल्या होत्या. मूळच्या योजनेच्या त्या निम्म्याही नव्हत्या. औषधाच्या बाजूस जिवंत जन्मलेल्या १,४१७ बाळांपैकीं २७८ बाळें पहिल्या २८ दिवसांत गेलीं, म्हणजे शेंकडा १९.६, पाण्याच्या बाजूस १,४०६ पैकीं ३३१ गेलीं, म्हणजे शेंकडा २३.५. दर २५ मातांस औषध दिलें असतां एक बाळ वांचतें, असा याचा सोपा अर्थ. मातांमध्यें जंतुसंसर्गही वाढला नव्हता. योजना पुरी करण्याच्या हट्टानें प्रयोग पुढें रेटला असता, तर उत्तर हातीं आल्यावरही आणखी शेंकडों मातांस नुसतें पाणी टोचावें लागलें असतें.

मग पहिला फरक दिसतांच कां थांबूं नये, असें कोणी विचारील. कवड्या खेळणारीं मुलेंही जाणतात कीं, पहिल्या पांच-सहा दानांत एकाचें नशीब जोरावर दिसतें आणि खेळ रंगला म्हणजे तें उतरतें. थोड्या रोग्यांवरील फरक असाच फुगलेला असण्याचा धोका असतो. म्हणून जितक्या लौकर पाहावयाचें, तितकी थांबण्याची कसोटी कडक ठेवतात. पुण्याचा एक अनुभव या बाबतींत बोलका आहे. भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था नऊ देशांच्या एका प्रयोगांत सामील होती. पतिपत्नींपैकीं एकासच एच. आय. व्ही. ची बाधा आहे अशीं १,७६३ जोडपीं त्यांत होतीं. बाधित व्यक्तीस औषधें लगेच सुरू केलीं तर जोडीदाराचें रक्षण होतें काय, हा प्रश्न होता. २०११ च्या मे महिन्यांत, ठरलेल्या मुदतीच्या आधींच, निकाल जाहीर झाला. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचें सिद्ध झालेल्या २८ प्रसंगांपैकीं २७ प्रसंग औषध उशिरा देण्याच्या बाजूस होते व अवघा एक लगेच देण्याच्या बाजूस. म्हणजे धोका शेंकडा ९६ नें कमी. तत्काळ सर्वांस औषधें देऊं केलीं. परंतु निरीक्षण २०१५ पर्यंत चालूं ठेवलें. तेव्हां आंकडा ९३ वर स्थिर झाला. नियमानें थांबविलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष टिकला. आणि पहिला आंकडा किंचित् फुगलेला होता हेंही कळलें. २०१७ सालीं भारत सरकारनें बाधा कळतांच सर्वांस औषध देण्याचें धोरण स्वीकारलें, त्यामागें या पुराव्याचें बळ होतें.

प्रत्येक प्रयोग यशामुळेंच थांबतो असेंही नाहीं. बेळगांवच्या प्रयोगाचेंच एक भावंड ३४ आठवड्यांनंतरच्या स्त्रियांसाठीं होतें. तें अपेक्षेपेक्षां मंद गतीनें चालल्यामुळें व मोजावयाचे प्रसंगही कमी घडल्यामुळें मध्येंच बंद करावें लागलें. त्यावरून औषध निरुपयोगी ठरलें असें म्हणतां येत नाहीं. प्रश्न तेवढा अनुत्तरित राहिला. ‘प्रयोग थांबविला’ एवढीच वार्ता वाचून औषधाविषयीं बरेंवाईट मत बनविणें म्हणूनच योग्य नव्हे. कां थांबविला, कोणीं थांबविला आणि कोणत्या नियमानें, हें आधीं विचारावें.

आतां घोटीच्या संसाराकडे वळूं. आवणीच्या दिवसांत चिखलांत वांकून राबणाऱ्या एखाद्या गर्भवतीस सातव्या महिन्यांतच कळा सुरू झाल्या, तर घरच्यांनीं काय करावें? ‘तें इंजेक्शन देऊन टाका’ असा आग्रह जवळच्या दवाखान्यांत धरणें हा या दोन प्रयोगांचा बोध खास नव्हे. जें औषध बेळगांवच्या रुग्णालयांत तारक ठरलें, त्याच्याच सरसकट प्रसारांत खेड्यांतून मृत्यु वाढलेले दिसले होते. दिवस अचूक मोजलेले असावेत, प्रसूति खरोखर जवळ आलेली असावी, आईस जंतुसंसर्ग नसावा आणि जन्मलेल्या बाळाची काळजी घेण्याची सोय असावी. या चार गोष्टी जुळल्या तरच लाभ. यांपैकीं पहिली गोष्ट घरच्या हातांत आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी व पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्यावी. कळा येतांच वेळ न दवडतां धामणगांवच्या वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय गांठावें किंवा नाशिक गांठावें.

आणखी एक गोष्ट आजीबाईंच्या हातचीही आहे. दिल्लीचें सफदरजंग रुग्णालय व आफ्रिकेंतील चार देश यांत असा प्रयोग झाला कीं, एक किलोपासून १.८ किलोच्या आंतील वजनाच्या बाळांस जन्मतःच आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवावयाचें. प्रकृति स्थिर होण्याची वाट पाहावयाची नाहीं. तोही २०२० सालीं मध्येंच थांबविण्यांत आला, कारण मृत्यु शेंकडा १५.७ वरून १२ वर आले होते. आई थकली तर दुसऱ्या कोणीं बाळास छातीशीं घ्यावें, अशी मुभा त्यांत होती. ज्या घरांत आजी, आत्या, काकू आहेत, त्या घरास हें काम शिकविण्याची तरी काय गरज?

आपल्या घरच्या रोग्यास एखाद्या प्रयोगांत घेण्याविषयीं विचारणा झाली, तर घाबरूं नये व भाबडेपणानेंही सही करूं नये. २००९ पासून भारतांत अशा प्रयोगांची सार्वजनिक नोंद सक्तीची आहे, ती पाहावी. देखरेख मंडळ कोणाचें, थांबण्याचे नियम काय, हें विचारावें. केव्हांही बाहेर पडण्याचा आपला हक्क आहे, हें ध्यानांत ठेवावें. आणि ज्या चौदाशेंहून अधिक मातांच्या वांट्यास नुसतें पाणी आलें, त्यांच्या नांवाची यादी आपल्यापुढें कधीं येणार नाहीं. परंतु घोटीच्या एखाद्या अपुऱ्या दिवसांच्या बाळानें उद्यां सुखानें श्वास घेतला, तर त्यांत त्यांचाही वांटा आहे, हें विसरूं नये.