छायाचित्राखालचं नाव

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणारी एक पारशी मुलगी 1930च्या दशकात वर्गातल्या मैत्रिणींचे फोटो काढायची. तिचं काम छापून येऊ लागलं, तेव्हा खाली नाव असे माणेकशॉ व्यारावाला यांचं. तिला कॅमेरा शिकवला माणेकशॉंनीच, पुढे लग्नही त्यांच्याशीच झालं. पण डोळा त्या मुलीचा, होमाईंचा होता. अनोळखी बाईचं नाव छापायची तेव्हा रीतच नव्हती.

होमाईंचा जन्म 1913चा, नवसारीचा. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट. 1942 मध्ये ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यातल्या नोकरीसाठी दोघं दिल्लीला गेले. फाळणीच्या योजनेवर मतदान करणारे काँग्रेसचे नेते, लाल किल्ल्यावरचा पहिला तिरंगा, गांधीजी, नेहरू आणि शास्त्री यांच्या अंत्ययात्रा हे सगळं होमाईंनी टिपलं. साडी नेसून, जड स्पीड ग्राफिक कॅमेरा सांभाळत, पुरुषांच्या गर्दीत एकट्या. फ्लॅशचा बल्ब एकदाच लखलखायचा, मग तो काढून नवा बसवायचा. म्हणजे क्षण येण्याआधीच ओळखायला हवा! कबूतर उडवणारे नेहरू पाहिले की ही ओळख किती पक्की होती ते कळतं.

30 जानेवारी 1948ला मात्र त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या आणि माणेकशॉंनी परत बोलावलं: उद्या दोघं मिळून जाऊ. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. ती हळहळ होमाईंना जन्मभर पुरली.

‘डालडा 13’ हे टोपणनाव त्यांनीच घेतलेलं. जन्मसाल 1913, माणेकशॉंची भेट तेराव्या वर्षी आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी 13.

1969 मध्ये माणेकशॉ गेले. नव्या छायाचित्रकारांचं वागणं होमाईंना रुचत नव्हतं. 1970 मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी कॅमेरा ठेवला तो कायमचा. पुढे मुलाबरोबर पिलानी, मग बडोदा. मुलाच्या निधनानंतर त्या बडोद्यात एकट्याच राहिल्या. 2006 मध्ये सबीना गडिहोक यांचं पुस्तक आलं आणि नव्या पिढीला त्या नव्याने कळल्या. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 15 जानेवारी 2012 रोजी त्या गेल्या. एवढा उशीर मला अजूनही खुपतो.

त्यांचा संग्रह आता दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. जे. जे.मधल्या त्या मैत्रिणीही त्यात आहेत, आणि खाली नाव आहे होमाई व्यारावाला.