वीतभर की चार बोटं?

घरात रॅप रेकॉर्ड करायला निघालेली पोरं मला पहिला प्रश्न माइकचा विचारतात आणि दुसरा सॉफ्टवेअरचा. खोलीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझा भाचाही त्यातलाच. कल्याण पूर्वेला रुळांपासून हाकेच्या अंतरावर ताईचं घर आहे. आतली खोली दहा बाय दहाची, त्यात एक खिडकी, एक लोखंडी कपाट आणि वर पंखा. ‘मामा, मोठे लोक सगळे हाच वापरतात,’ म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. शुअरचा एसएम ७ बी. माइक चांगलाच आहे, वाद नाही. त्याच्या थोरल्या भावावर, एसएम ७ वर, १९८२च्या ‘थ्रिलर’साठी मायकल जॅक्सनचा आवाज रेकॉर्ड झाला होता. पण एक तर त्या एका माइकमध्येच भाच्याची सगळी पुंजी संपली असती. शिवाय त्याचा सिग्नल इतका बारीक असतो की ६० डेसिबलच्या आसपास गेन द्यावा लागतो. माइक लॅपटॉपला जोडणारा स्वस्तातला इंटरफेस तेवढा गेन देता देता स्वतःच सळसळायला लागतो.

मी डबिंगच्या स्टुडिओत काम करतो, त्यामुळे दोन माइक उसने आणणं अवघड नव्हतं. एक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर, ज्याला केबलमधूनच ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते. दुसरा एसएम ५८, १९६६पासून बाजारात असलेला, ऑर्केस्ट्रापासून प्रचारसभेपर्यंत सगळ्यांनी पाहिलेला जाळीच्या गोळ्याचा डायनॅमिक माइक.

गाण्याआधी आम्ही नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि हेडफोन लावून ऐकली. पंखा, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, शेजारच्या कुकरची शिट्टी, मागून लोकलचा भोंगा. भाच्याने हेडफोन काढून खोलीभर नजर फिरवली. एवढे आवाज आपल्या घरात राहतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

‘कंडेन्सर सगळं खेचतो, डायनॅमिकला बाहेरचं ऐकू येत नाही,’ हे वाक्य तुम्हाला वाद्यांच्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळेल. ते अर्धंच खरं आहे. दोन्ही माइक तोंडापासून वीतभर ठेवले, दोघांवर बोलण्याची पातळी सारखी केली, आणि मग भोंगा ऐकला. दोन्हींत जवळपास तेवढाच. कंडेन्सरमध्ये ‘स’ आणि ‘श’ जास्त धारदार येत होते, श्वासही ऐकू येत होता, पण आवाज आणि गोंगाट यांचं प्रमाण फारसं बदललं नव्हतं. मग एसएम ५८ चार बोटांवर आणला आणि गेन तितका उतरवला. भोंगा मागे सरकला, पंखा जवळजवळ गेला. नऊ इंचांवरून तीन इंचांवर आलं की तोंडाचा आवाज साधारण साडेनऊ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो. किमया या अंतराची आहे. डायनॅमिकचा फायदा एवढाच की तो इतकी जवळीक खपवून घेतो. कंडेन्सर तितक्या जवळ आणला, तर प्रत्येक ‘भ’ आणि ‘फ’ला हवेचा धपका बसतो. मराठीत महाप्राण अक्षरांना तोटा नाही, आणि भाच्याच्या कडव्यात तर ‘भोंगा’, ‘भाकर’, ‘भिडू’ असे ओळीने उभे.

धपका टाळायला मी एसएम ५८ ओठांच्या समोरून काढून ओठांच्या कोपऱ्याकडे वळवला. हवा बाजूने निघून जाते, आवाज पोचतो. जवळ गेल्यावर खर्ज फुगतो, तो नंतर १०० हर्ट्झच्या खाली छाटून टाकायचा. भाच्याला माइक हातात घेऊन जाळी मुठीत धरायची हौस होती, व्हिडिओंत सगळे धरतात म्हणून. स्टेजवर अशी मूठ झकास दिसते. पण मागच्या फटी झाकल्या गेल्या की माइकची दिशा हरवते आणि आवाज डब्यात बसल्यासारखा होतो. माइक स्टँडवरच राहिला.

दोन्ही माइक कार्डिऑइड जातीचे होते. त्यांची ऐकण्याची हद्द विड्याच्या पानासारखी असते: देठापाशी माइक, पान गाणाऱ्याकडे पसरलेलं, आणि देठामागे ठार बहिरा म्हणावा असा टापू. म्हणून खिडकी माइकच्या पाठीमागे आली पाहिजे. म्हणजे गाणारा खिडकीकडे तोंड करून उभा. पोरं माइकच्या मागच्या भिंतीला फोम चिकटवतात, तिथे त्याचा उपयोग कमी. माइक बघतो गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. आम्ही तिथे दोरी बांधून दोन गोधड्या वाळत घातल्यासारख्या टाकल्या. आधी टाळी वाजवली की भिंतींमधून टर्र असा पडसाद येत होता. गोधड्यांनंतर टाळी कोरडी झाली. पंखा अर्थातच बंद, आणि घामाघूम भाचा.

सॉफ्टवेअरवर मात्र मी फार वेळ घालवायला तयार नव्हतो. चोवीस बिटमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तोच असतो. कुर्ल्याच्या रॅपर नेझीने २०१४ साली ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर केलं, तेव्हा कुणी त्याला सॉफ्टवेअर विचारलं नाही. भाच्याच्या मित्रांत एफएल स्टुडिओ चालतो, १९९७ साली फ्रूटीलूप्स म्हणून सुरू झालेला. बीट बनवायला तो फर्डा, आणि एकदा घेतला की पुढची अपडेट्स फुकट. पण त्याच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंग होत नाही, त्यासाठी प्रोड्युसर एडिशन लागते. क्रॅक घेणाऱ्यांना हे कळत नाही. त्यांना व्हायरस कळतो. भाचा बीट स्वतः बनवत नाही, लीजवर घेतो, म्हणून मी रीपर सुचवलं. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकलचं ते काम आहे. ६० दिवस विनामूल्य वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापरासाठी ६० डॉलर, आणि जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर करत नाही.

खरा घोळ लेटन्सीचा, म्हणजे आवाज कानात उशिरा पोचण्याचा निघाला. भाचा म्हणत होता, ‘मामा, मी तालातच म्हणतोय, तरी मागे पडतोय.’ सॉफ्टवेअरचा बफर ५१२ सॅम्पलवर होता. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या गतीला तो एकटाच साडेअकरा मिलिसेकंद खातो, येताना एकदा आणि जाताना एकदा. बीट १४० बीपीएमची, तिथे एका मात्रेचा चौथा भाग जेमतेम १०७ मिलिसेकंदांचा. त्यातले वीस-पंचवीस गेले की स्वतःचा आवाज कानात उशिरा येतो आणि जीभ आपोआप थांबून वाट बघते. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबलं, म्हणजे आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात. पुढच्याच टेकला त्याचा फ्लो जागेवर आला. त्या बटणाबद्दल दुकानदार कधी बोलत नाही.

मग कडवं तुकड्यातुकड्यांनी घेतलं. शेवटच्या शब्दांवर डबल घेतले, दम लागलेली ओळ पंच-इन करून तेवढीच पुन्हा घेतली. पातळी उणे दहा डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. पोरांना लाल दिवा लागल्याशिवाय जोर आल्यासारखा वाटत नाही, पण एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

खरेदीत शेवटी एसएम ५८, छोटा इंटरफेस, स्टँड आणि बंद कपांचे हेडफोन एवढंच आलं. स्पीकर मी घेऊ दिले नाहीत. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून घुमतो, आणि ८०८ ड्रम मशीनची किक नेमकी त्याच वस्तीत राहते. एका कोपऱ्यात बसून ऐकलं तर किक दणदणीत, खोलीच्या मधोमध आलं तर गायब. खरं कोणतं, हे त्या खोलीत ठरवता येत नाही. भाच्याच्या मित्राची रिक्षा आहे, मागच्या सीटमागे वूफर बसवलेला. मिक्स पेन ड्राइव्हवर टाकून आम्ही पत्री पुलापर्यंत चक्कर मारली. शब्द किकखाली दबत होते. घरी येऊन किक तीन डेसिबल उतरवली, पुन्हा एक चक्कर मारली, आणि पुलाच्या अलीकडेच मित्र म्हणाला, ‘आता समजतंय काय शिव्या देतोस ते.’