गवंड्याच्या हाताखाली

२००६च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन लोणावळ्याजवळच्या पाटण गावी आठवडाभर घरं बांधायला आले होते. जिमी तेव्हा ८२ वर्षांचे होते, रोझलिन ७९च्या. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेने त्या शिबिरात १०० घरांचं काम हाती घेतलं होतं. हॉलिवूडचा ब्रॅड पिटही आला होता, त्यामुळे वर्तमानपत्रांतून त्याची बरीच चर्चा झाली. मला मात्र त्या म्हाताऱ्या जोडप्याचा विचार जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण नवरा-बायकोने मिळून परदेशात सेवेला जावं का आणि गेलं तर कसं, या प्रश्नाचं एक उत्तर त्यांच्या कामात सापडतं. अशा प्रवासाहून परतलेली माणसं बहुधा एकच गोष्ट सांगतात: आम्ही द्यायला गेलो आणि घेऊन आलो, आमचा अहंकार गळून पडला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण अहंकार गळाल्यासारखं वाटणं वेगळं आणि नम्रपणे काम होणं वेगळं. काम काय करायचं हे कोण ठरवतं, आपली चूक कोण दाखवू शकतं आणि आपण निघून आल्यावर मागे कोण राहतं, या तीन गोष्टींवरून सेवा नम्र होती की नाही ते कळतं. मनाला काय वाटलं, याचा त्यात फारसा संबंध येत नाही.

हॅबिटॅट ही संस्था स्वतःच एका जोडप्याच्या परदेशवासातून उभी राहिली. मिलर्ड आणि लिंडा फुलर हे अमेरिकेतलं श्रीमंत दांपत्य. संसार मोडायची वेळ आली तेव्हा दोघांनी संपत्ती वाटून टाकून नव्याने सुरुवात केली. जॉर्जिया राज्यातल्या कोइनोनिया नावाच्या शेतीवसाहतीत क्लॅरेन्स जॉर्डन यांच्या सहवासात त्यांना गरिबांसाठी ना-नफा तत्त्वावर घरं बांधण्याची कल्पना मिळाली. १९७३ साली मुलांना घेऊन दोघे तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, म्बान्डाका शहरात गेले आणि तिथे तीन वर्षं राहून त्यांनी ती कल्पना राबवून पाहिली. परतल्यावर १९७६ साली हॅबिटॅट स्थापन झाली. तिच्या पद्धतीचा गाभा असा की घर फुकट मिळत नाही. कुटुंबाने स्वतः अंगमेहनत करायची, ना-नफा कर्जाचे हप्ते फेडायचे आणि त्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचं घर उभं राहायचं. याचा अर्थ पाहुणा स्वयंसेवक तिथे दाता म्हणून उभाच राहू शकत नाही. घर ज्याचं, तो शेजारीच विटा उचलत असतो, आणि ओळंबा चुकला तर गवंडी पाहुण्यालाही भिंत उतरवायला लावू शकतो. पाहुण्याची जागा बिगाऱ्याची, आणि सगळ्या मांडणीत ही जागाच मला सर्वांत मोलाची वाटते.

जोडीने जाण्याचा मुद्दा इथेच येतो. लग्नाला बरीच वर्षं झाली की घरातल्या कामांची वाटणी कायमची ठरून जाते. कोण निर्णय घेतो, कोण गप्प बसतो, कोणाला काय येत नाही, हे दोघांना पाठ असतं. परक्या जागी परक्या कामाला दोघेही सारखेच नवखे असतात, आणि ती पाठ झालेली वाटणी काही दिवस तरी चालत नाही. १९८४ साली कार्टर दांपत्य पहिल्यांदा हॅबिटॅटच्या आठवडाभराच्या कामाला गेलं ते परदेशी नव्हे, न्यूयॉर्कला. जॉर्जियातून इतर स्वयंसेवकांबरोबर बसने. सहा मजली मोडकळीला आलेली इमारत १९ कुटुंबांसाठी दुरुस्त करायची होती. जिमी मुळात हाडाचे सुतार. रोझलिननी मात्र पडेल ते काम करीन पण हातोडी धरणार नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आठवडा संपायच्या आत हातोडी त्यांच्या हातात होती. याच दोघांनी पुढे मिळून एक पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा मतभेद इतके टोकाला गेले की वादाचे परिच्छेद आपापल्या आद्याक्षराखाली वेगवेगळे छापावे लागले. पुस्तकात दोघांचाही शब्द अखेरचा होता. बांधकामावर तो तिसऱ्याचा असे. संसारातल्या भांडणांवर हा उपाय आहे असं मी म्हणत नाही. पण दोघांनाही कोणा तिसऱ्याचं ऐकावं लागणं, हा अनुभव लग्नात फार दुर्मीळ असतो.

अर्थात जोडीचा एक धोकाही आहे. दोघे असले की दोघांचं एक बेट तयार होतं. दिवसभराचं काम आटोपलं की आपली भाषा, आपल्या तक्रारी, आपला चहा. आजूबाजूच्या माणसांशी बोलण्याची गरजच उरत नाही. अमेरिकेची पीस कोअर ही संस्था १९६१पासून दोन-दोन वर्षांसाठी स्वयंसेवक पाठवते. ती जोडप्यांनाही घेते, पण दोघांनीही स्वतंत्रपणे पात्र ठरावं लागतं आणि दोघांनाही स्वतंत्र काम असावं लागतं. कोणी कोणाच्या सोबतीला म्हणून जायचं नाही. हा नियम कडक वाटला तरी शहाणपणाचा आहे.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप पैशाचा. १९९८ साली मिच वादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला, तेव्हा उत्तर अमेरिकेतून अनेक गट घरं बांधायला गेले. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी या कामाचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून अशा गटाने बांधलेलं एक घर सुमारे ३० हजार डॉलरला पडत होतं. स्थानिक संस्था तसंच घर सुमारे दोन हजारांत बांधत होती. घरात राहायला आलेल्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र घर परदेशी हातांनी बांधलं की स्थानिक, याने फरक पडलेला दिसला नाही. शिवाय आपण पूर्ण बदललो असं सांगणाऱ्या स्वयंसेवकांच्या देणग्यांच्या नोंदी पाहिल्या तर तो बदल फारसा आढळला नाही. हा हिशेब मला खोडता येत नाही, आणि खोडायची इच्छाही नाही. जिथे गवंडी आहेत आणि त्यांना काम हवं आहे, तिथे त्यांची मजुरी पाठवावी, आपण जाऊ नये. कार्टर दांपत्याच्या बाबतीत मात्र तोच हिशेब वेगळा पडतो. त्यांच्या आठवड्यामुळे कामाला पैसा आणि लक्ष दोन्ही मिळत होतं, आणि ते एकदा येऊन थांबले नाहीत. ३५हून अधिक वर्षांत १४ देशांत, एक लाखाहून जास्त स्वयंसेवकांबरोबर त्यांनी ४,३९० घरांचं काम केलं. होंडुरासच्या नोंदी बदल टिकला नसल्याचं सांगतात. इथे तो टिकला. म्हणून प्रवासाचं मोल प्रवासात मोजता येत नाही, ते परतल्यानंतरच्या वर्षांत मोजावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. इव्हान इलिच या विचारवंताने १९६८ साली मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोरच त्यांना परत जायला सांगितलं. त्याचं म्हणणं असं की तुमचे हेतू चांगले असले तरी तुम्ही ज्यांना मदत करायला आला आहात त्यांची भाषाही तुम्हाला येत नाही, आणि ते तुम्हाला नको म्हणू शकत नाहीत. पाहायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका. कंबोडियाचं उदाहरण त्याच्या बाजूने उभं राहतं. २००५नंतरच्या वर्षांत तिथे अनाथालयं झपाट्याने वाढली. युनिसेफच्या पाहणीत मात्र त्यांतल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील हयात असल्याचं दिसलं. मुलांबरोबर चार दिवस घालवायला येणारे पाहुणे आणि त्यांच्या देणग्या हे या वाढीचं एक मोठं कारण होतं. माया लावून निघून जाणारी माणसं मुलाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येणं, ही इजाच आहे. अशा ठिकाणी नम्रतेने जाताच येत नाही, तिथे न जाणं हीच नम्रता. पण इलिचचं बोलणं सगळीकडे लावता येईल असं मला वाटत नाही. त्याचा अर्धा भाग, शिकायला या, हाच तर बिगाऱ्याचा धर्म आहे.

आणि बाहेरच्याने मागे राहिलं तरच काम टिकतं, याचा सगळ्यांत मोठा पुरावा कार्टरांच्याच दुसऱ्या कामात आहे. नारू हा शब्द आपल्याकडच्या जुन्या पिढीला सांगावा लागत नाही. साठवणीच्या पाण्यातून, पायऱ्यांच्या विहिरींतून अळी पोटात जायची, वर्षभराने पायाच्या फोडातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, तो काडीवर गुंडाळत दिवसेंदिवस ओढायचा. रोगी आग शमवायला पाय पाण्यात घालायचा आणि विहीर पुन्हा बाधायची. त्यावर औषध नाही, लस नाही. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. १९८६ साली जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना हा रोग व्हायचा, तेव्हा कार्टरांच्या कार्टर सेंटर या संस्थेने जगभरच्या मोहिमेचं नेतृत्व हाती घेतलं. २०२३ साली जगात नारूचे १४ रुग्ण नोंदले गेले. हे परदेशी पाहुण्यांनी केलं नाही. पाणी गाळायचं फडकं घरोघर देणारे, रोगी शोधून त्याला पाण्यापासून दूर ठेवणारे गावातलेच स्वयंसेवक होते. पैसा, फडकी आणि सरकारांवरचा दबाव बाहेरून आला. काम गावाने केलं. आठवड्यात शंभर घरं आणि जवळपास चार दशकांत लाखोंवरून चौदा, या दोन आकड्यांतला फरक बाहेरच्या माणसाने स्वतः किती मागे राहायचं, याचा आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने नवजात बालकांचे मृत्यू खाली आणले तेही गावातल्या बायकांना आरोग्यदूत बनवून.

मग बाहेरून येणाऱ्या हातांना काहीच किंमत नाही का? जिथे अडचण मजुरांची नसून माणसाने माणसाला शिवण्याची असते, तिथे ती आहे. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे तरुण आनंदवनात कुष्ठरुग्णांबरोबर राहून बांधकाम करत होते, तेव्हा शेजारच्या वरोऱ्याच्या लोकांच्या मनातली भीती त्यांना पाहून थोडी सैल झाली. जिमींची आई लिलियन कार्टर ६८व्या वर्षी पीस कोअरतर्फे विक्रोळीला आली, २१ महिने राहिली आणि तिथल्या दवाखान्यात तिने कुष्ठरुग्णांचीही शुश्रूषा केली. ती प्रशिक्षित परिचारिका होती. तिच्या हातात कसब होतं, आणि राहायला वेळ होता.

निवृत्तीनंतर किंवा मुलं मार्गी लागल्यावर दोघांनी मिळून असा प्रवास करायचं तुमच्या मनात असेल, तर जाहिरातीतले हसरे चेहरे बाजूला ठेवा आणि नेणाऱ्या संस्थेला आधी विचारा: तिथे आमच्या कामावर देखरेख करणारा स्थानिक माणूस कोण, आणि काम जमलं नाही तर आम्हाला परत पाठवण्याचा अधिकार त्याला आहे का? मुलांची संस्था असेल तर जाऊच नका. आणि देखरेख करणाऱ्या त्या माणसाचं नाव संस्थेला सांगता आलं नाही, तर तिकिटाचे पैसे त्या गावातल्या गवंड्यांच्या मजुरीसाठी पाठवून द्या.