अमर ज्योती: समसमान वर्ग आणि स्वयंसेवकाचे काम

शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांना इतर मुलांपासून वेगळे न काढता, दोघांना एकाच वर्गात समसमान संख्येने बसवून शिकवायचे, हा प्रयोग उमा तुली यांनी 1981 साली दिल्लीत सुरू केला, तेव्हा त्यांच्यापाशी इमारत नव्हती. तीस मुले होती आणि बसायला झाडाची सावली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या अमर ज्योती न्यासाची शाळा आज पूर्व दिल्लीत कडकडडूमा येथे आहे, तिची शाखा 1988 पासून ग्वाल्हेरला आहे, आणि शाळेच्या आवारातच फिजिओथेरपी, कृत्रिम अवयव व आधारसाधने तयार करणारी कार्यशाळा, व्यवसाय प्रशिक्षण आणि विशेष शिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम चालतात. संस्थापिकेचे नाव पुढे देशभर झाले. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी 1995 च्या कायद्याने निर्माण झालेले मुख्य आयुक्तपद त्यांनी 2001 ते 2005 या काळात सांभाळले आणि 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही या संस्थेचे महत्त्व ठरवायचे तर पुरस्कारांपेक्षा त्या पहिल्या निर्णयाकडे, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या वर्गाकडे, पाहावे लागते.

हा निर्णय त्या काळी किती धाडसाचा होता, हे आधीचा इतिहास पाहिल्यावर लक्षात येते. मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन स्नायूंवरचा ताबा बिघडल्याने (यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात), बाधित असलेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, त्यामागे त्यांची कन्या मालिनी चिब हिला कोणतीही शाळा घेत नव्हती हा अनुभव होता. त्याच प्रेरणेतून 1978 मध्ये दिल्लीत उत्तर भारतासाठीची संस्था निघाली, जी आता ‘आदी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. या संस्थांनी तज्ज्ञता आणली, उपचार आणि शिक्षण एका छताखाली आणले. पण शाळा बहुतांशी वेगळीच राहिली. केंद्र सरकारने 1974 साली एकात्म शिक्षणाची योजना आखली होती खरी, परंतु सर्वसाधारण शाळेत एखाद-दुसरे अपंग मूल मागच्या बाकावर बसवणे एवढ्यावरच अनेक ठिकाणी तिची मजल थांबे. वर्गात एकटे पडलेले मूल हे ‘त्यातले एक’ कधीच होत नाही. संख्या निम्मी-निम्मी केली की कुणीच अपवाद राहत नाही, चाकाची खुर्ची ही दप्तराइतकीच नेहमीची वस्तू होते, आणि शेजारच्या मित्राची कुबडी उचलून देणे हे परोपकाराचे कृत्य न राहता मधल्या सुट्टीतली साधी गोष्ट होते. या शाळेचे पहिले स्वयंसेवक म्हणजे वर्गातली ती दुसरी अर्धी मुलेच होत, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

बाहेरून येणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकाने हीच सहजता कमवायची असते, आणि ती त्याला मुलांपेक्षा कितीतरी अवघड जाते. तो दया घेऊन येतो. शाळेला हात हवे असतात. येथे शिकावे लागते ते कौशल्य किती बारकाव्याचे आहे, हे चाकाच्या खुर्चीच्या उदाहरणावरून समजेल. उतारावरून खुर्ची खाली न्यायची तर ती उलटी फिरवून, स्वतः पाठीमागे पाहत, एकेक पाऊल मागे घेत उतरवावी लागते, कारण सरळ उतरवल्यास धड सावरू न शकणारे मूल पुढे घसरते. मुलाला खुर्चीतून बाकावर घेण्याआधी दोन्ही चाकांचे ब्रेक लावलेले आहेत आणि पाय ठेवायचे आधार वर उचललेले आहेत, हे दर वेळी पाहावे लागते. मुलाशी बोलायचे तर खाली बसून, त्याच्या नजरेला नजर देऊन बोलायचे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विचारल्यावाचून खुर्चीला हात लावायचा नसतो, कारण जो खुर्ची वापरतो त्याच्या लेखी ती त्याच्या शरीराचाच भाग असते.

कॅलिपरचेही तसेच. पायाला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, गुडघ्याशी उघडमीट होणारे कुलूप, मांडीला आणि पोटरीला आवळणारे चामड्याचे पट्टे आणि खाली जोडलेला बूट, अशी या साधनाची रचना असते. पट्टा सैल राहिला तर पाय आत हलतो, फार आवळला तर कातडी सोलवटते. म्हणून कॅलिपर काढल्यावर त्वचेवर कुठे लाली राहिली आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. येथे रोगाचे ज्ञानही उपयोगी पडते. पोलिओमध्ये स्नायू दुबळे होतात, पण स्पर्श आणि वेदना कळतात, त्यामुळे पट्टा रुतला की मूल स्वतः सांगते. स्पायना बायफिडा या जन्मजात दोषात मात्र पाठीचा कणा गर्भावस्थेतच नीट मिटलेला नसतो, कमरेखालची संवेदना पुष्कळदा गेलेली असते, आणि जखम चिघळेपर्यंत मुलाला तिचा पत्ता लागत नाही. अशा वेळी स्वयंसेवकाचा डोळा हाच मुलाचा स्पर्श असतो.

गेल्या तीन दशकांत अशा शाळांमधील मुलांचे स्वरूप बदलले, त्याची सुरुवातही दिल्लीतच झाली. 2 ऑक्टोबर 1994 रोजी दिल्लीत एकाच दिवशी सर्व लहान मुलांना पोलिओचे डोस पाजण्याची मोहीम झाली, पुढच्या वर्षी ती देशव्यापी झाली; भारतातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पोलिओची मुले शाळेतून मोठी होऊन बाहेर पडली, आणि त्यांच्या जागी सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास, स्पायना बायफिडा अशा, अधिक गुंतागुंतीच्या अवस्थांची मुले प्रामुख्याने दिसू लागली. स्वयंसेवकाचे काम त्यामुळे अवघड झाले, कारण आता केवळ चालण्याला आधार पुरत नाही. जेवताना मान सरळ ठेवून, छोटा घास देऊन, तो पूर्ण गिळला जाईपर्यंत थांबावे लागते, आणि ज्या मुलाला एक वाक्य उच्चारायला मिनिट लागते, त्याचे वाक्य मध्येच स्वतः पूर्ण करण्याचा मोह आवरावा लागतो. हा मोह न आवरणारा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी त्या मुलाचे बोलणे हिरावून घेतो. म्हणून थांबता येणे ही या कामातली पहिली पात्रता मानायला हवी.

लेखनिकाच्या कामात याच संयमाची कसोटी लागते. ज्या विद्यार्थ्याचा हात चालत नाही त्याला परीक्षेत दुसऱ्याकडून उत्तरे लिहून घेण्याची मुभा असते, आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. विद्यार्थ्याने आपला लेखनिक स्वतः आणल्यास त्याची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी, असा 2018 च्या सूचनांचा दंडक होता. त्यामुळे दहावीच्या मुलासाठी नववीचा विद्यार्थी लागे, आणि मोठ्या पदव्या असलेल्या स्वयंसेवकाचा येथे उपयोग होत नसे. लेखनिकाने सांगितले तेवढेच लिहायचे असते. चुकीचे उत्तर कानावर पडत असताना ते तसेच्या तसे कागदावर उतरवणे जमले, तरच तो मुलाच्या बुद्धीचा मान राखतो.

महाराष्ट्रात अपंगांचा मान राखण्याच्या या विचाराची सर्वांत ठळक परंपरा कोल्हापूरची आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 साली तेथे हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था स्थापन केली, आणि ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनातून तिची घडण मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. ज्या संस्थेची सूत्रे अपंग व्यक्तीच्याच हाती असतात, तिथे मदतीला येणाऱ्याला ‘काय हवे’ हे गृहीत धरता येत नाही, विचारावेच लागते. बाबा आमट्यांच्या आनंदवनातील संधिनिकेतनातही अपंगांना दान न देता कामाचे प्रशिक्षण देण्यावर भर राहिला, तो याच जातीचा विचार होय.

या पार्श्वभूमीवर दिल्लीतील करोल बागेच्या मराठी वस्तीचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो. कॅनॉट प्लेसच्या बांधणीसाठी उठवलेल्या वस्त्यांतून वसलेल्या आणि फाळणीनंतर पश्चिम पंजाबच्या निर्वासितांनी गजबजलेल्या या भागात बीडनपुरा, रैगरपुरा या गल्ल्यांत सोन्याचांदीचे कारखाने आहेत, आणि सोने गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायानिमित्त विटा, खानापूर, आटपाडीकडची मराठी कुटुंबे देशातल्या इतर सराफ बाजारांप्रमाणे येथेही स्थिरावली आहेत. सणासुदीला वर्गणी काढून देण्यात ही मंडळी हात आखडता घेत नाहीत. अपंगांच्या शाळेत मात्र पैशाइतकीच, किंबहुना अधिक, उणीव असते ती ठरलेल्या वेळी न चुकता येणाऱ्या माणसाची. 3 डिसेंबरला, 1992 पासून पाळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनी, फळे, वह्या आणि कॅमेरे घेऊन पाहुणे येतात. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत आखडलेले स्नायू सैल करायला कुणी लागते, तेव्हा ते नसतात. एकदा येऊन गेलेला पाहुणा मुलाला पुन्हा भेटत नाही, आणि ज्याला प्रत्येक नवा हात ओळखीचा व्हायला आठवडे लागतात, त्या मुलाच्या दृष्टीने अशी भेट ही मदत नसून व्यत्यय असतो, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

कायद्याने या मुलांची बाजू आता पूर्वीपेक्षा भक्कम केली आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य प्रकारांची संख्या सातवरून एकवीसवर नेली, आणि चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु हक्क शाळेच्या दारापर्यंत नेतो. दारापासून बाकापर्यंतचे अंतर माणसांनाच भरून काढावे लागते. करोल बागेतला अजमल खान रस्ता 2019 मध्ये पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला, मेट्रो स्थानकांवर लिफ्ट आहेत, तरी त्या दोहोंच्या मधल्या गल्लीत चाकाची खुर्ची अडते ती अडतेच.

करोल बाग स्थानकावरून वैशालीकडे जाणारी ब्लू लाइनची गाडी कडकडडूमा स्थानकावर थेट उतरवते, वाटेत गाडी बदलावी लागत नाही. दिल्लीतील शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ज्याला हे काम करायचे असेल त्याने शाळेकडे आधी चौकशी करावी, आठवड्यातला आपल्याला पाळता येईल असा एकच वार सांगावा, पहिले काही आठवडे शिक्षक आणि थेरपिस्ट सांगतील तेवढेच करावे, आणि तो वार पुढच्या मार्चपर्यंत मोडू नये.