टेकडीचे शहर आणि विजेची सायकल

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर जुन्या पुणे-मुंबई महामार्गाला पुणे-नाशिक महामार्ग मिळतो, आणि त्यामुळे पिंपरी-चिंचवड व चाकण या दुचाकी घडवणाऱ्या दोन पट्ट्यांचा सांधा येथेच जुळतो. बजाज ऑटोने 2019 साली सादर केलेली विजेवरची चेतक स्कूटर आधी चाकणला आणि 2022 पासून आकुर्डीच्या नव्या कारखान्यात तयार होऊ लागली, तर जवळच्या रावेत येथे ईमोटोरॅड या कंपनीने विद्युत सायकलींचा मोठा कारखाना उभारला. या पट्ट्यातील सपाट रस्त्यांवर ई-सायकल म्हणजे कामावर ये-जा करण्याचे स्वस्त साधन होय. तिचे खरे सामर्थ्य मात्र चढावर दिसते, आणि म्हणूनच मांडवीच्या मुखाशी टेकडीला बिलगून वसलेले गोव्यातील पणजी शहर तिच्या पर्यटनातील उपयोगाचा विचार करण्यास अधिक योग्य ठरते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या सायकलीच्या मोटरची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी असते आणि जिची मोटर ताशी 25 किलोमीटर वेगाला, किंवा स्वाराने पाय थांबवताच, साहाय्य बंद करते, तिला मोटार वाहन मानले जात नाही. परिणामी नोंदणी व परवाना या दोन्हींची गरज उरत नाही. पाय फिरत असतानाच मोटरने जोर देण्याच्या या पद्धतीला ‘पेडल असिस्ट’ म्हणतात. साध्या सायकलींतील संवेदक पेडल फिरते आहे एवढेच ओळखतो, तर महागड्या सायकलींतील संवेदक पायाचा दाब मोजून त्या प्रमाणात साहाय्य देतो, आणि चढावर हा फरक ठळकपणे जाणवतो.

चढाचे गणित सोपे आहे. स्वार व सायकल यांचे एकत्रित वजन 100 किलो धरले आणि दर 100 मीटरला 6 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 12 किलोमीटर वेग ठेवायचा म्हटला, तर निव्वळ उंची गाठण्यासाठीच सुमारे 196 वॉट शक्ती लागते. सराव नसलेला माणूस सलग 75 ते 100 वॉटच देऊ शकत असल्याने एकतर तो उतरून सायकल ढकलतो किंवा दमून जातो. उरलेला भार मोटरने उचलला की पन्नाशीतील पर्यटकही तरुणांच्या बरोबरीने वर पोहोचतो. अशा रस्त्याने 50 मीटर उंची गाठायला, सर्व ऊर्जा बॅटरीतूनच घेतली आणि वाटेतील हानीही धरली तरी, सुमारे 20 वॉट-तास खर्च होतात, तर 36 व्होल्ट व 10 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 360 वॉट-तास साठतात.

असे चढ पणजीत इतिहासाच्या सोबतीने भेटतात. जुन्या गोव्यातील रोगराईमुळे 1759 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवले, आणि 1843 मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. आल्तिनो टेकडीच्या पूर्व पायथ्याशी, ओरें खाडीच्या काठी, फोंताइन्यास ही रंगीत घरांची वस्ती उभी राहिली. तेथील सेंट सेबास्तियन चॅपेलमध्ये पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यात असलेला क्रूस आहे. टेकडीच्या एका अंगाला पांढरे इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च, दुसऱ्या अंगाला मळ्यातील मारुती मंदिर आणि माथ्यावर आर्चबिशपांचा वाडा अशी रचना असल्यामुळे थोड्याच अंतरात उंच-सखल वळणे आणि तीन-चार शतकांचा इतिहास एकत्र भेटतो. शहराबाहेर रायबंदरकडे जाणारा लिन्यारेसचा पूल 1633-34 मध्ये दलदलीतून बांधला गेला. तो ओलांडून रायबंदरच्या फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाता येते. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव डिचोली तालुक्यातील नार्व्यात गेला आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केला.

अशा मार्गांवर ई-सायकलवरून मार्गदर्शित सहलींचा व्यवसाय गोव्यात बी:लाइव्ह या कंपनीने 2018 च्या सुमारास सुरू केला. बसमधून चर्च व देऊळ यांची ठिकाणे दाखवता येतात. पण लाल जांभ्याच्या भिंती, मिठागरे आणि अरुंद गल्ल्या यांचा परस्परसंबंध सावकाश फिरल्याशिवाय कळत नाही. वाटाड्याचे काम वाट दाखवण्याइतकेच वेग राखण्याचेही असते: उतारावर ब्रेक हळूहळू दाबायला लावणे, बॅटरीचा हिशेब ठेवणे, पावसाळ्यात निसरड्या फरशीवर सायकल हाताने नेण्यास सांगणे.

या सोयीला एक मर्यादा आहे. फोंताइन्यास ही माणसे राहतात अशी वस्ती असून, दारात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांचा त्रास होतो अशी तेथील रहिवाशांची तक्रार आहे. मोटर आवाज करीत नाही आणि धूर सोडत नाही, हे खरे. परंतु गट मोठा असेल तर शांत वाहनही गर्दीच ठरते. म्हणून गट लहान ठेवणे, खासगी दारासमोर न थांबणे आणि वाटाडे स्थानिकांतून निवडणे या तीन गोष्टी सहल चालवणाऱ्यांनी पाळल्या पाहिजेत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी चढाचा प्रश्न बराचसा सोडवला आहे. आता त्या चढावर कसे वागावे, हे पर्यटकाने आणि वाटाड्याने ठरवायचे आहे.