नवा लॅपटॉप तापतो, घोंघावतो: बिघाड कोणता आणि स्वभाव कोणता?

‘गेमिंग लॅपटॉप’ हे नाव ऐकले की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. खेळायला एवढे पैसे? पण या नावात फसगत आहे. इंजिनिअरिंगचे ड्रॉइंग, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या मुलामुलींना ज्या दर्जाचे ग्राफिक कार्ड लागते, ते परवडणाऱ्या किमतीत बहुधा याच यंत्रांत मिळते. म्हणून पुण्याच्या वस्त्यांतूनही, पतपेढीचे कर्ज काढून, बाईंच्या भिशीचे पैसे घालून, असे लॅपटॉप घरात येऊ लागले आहेत.

ताडीवाला रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका घरी असाच पाऊण लाखाच्या वरचा लॅपटॉप आला. मुलगी ॲनिमेशन शिकते, वडील रात्रपाळीचे वॉचमन. तिसऱ्याच दिवशी घरात भांडण. यंत्राला हात लावला तर चटका बसतो, पंखा घोंघावतो, दिवसा झोपणाऱ्या वडिलांचा डोळा लागत नाही. आईला तर ते पेट घेईल अशी धास्ती. दुकानदाराने ‘गेमिंगचा असाच असतो’ म्हणून वाटेला लावले. बारा हप्ते भरायचे आणि वस्तू खराब निघाली, असे सगळ्यांनी धरून चालले होते. अशा तक्रारी आमच्या कानावर आणखीही आल्या, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो आहोत.

मुळात यंत्र तापते का? त्यात जेवढी वीज जाते, तेवढी जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. जुनी ट्यूबलाईट ४० वॅटची. ऑफिसातल्या साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॅटचा. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर मात्र अनेकदा १८० ते २४० वॅटचा असतो. म्हणजे भर कामात चार-पाच ट्यूबलाईटची वीज दोन बोटे जाडीच्या डबीत खर्च होते. ती उष्णता बाहेर फेकायला पंखा जोरात फिरणारच.

आकुर्डीला वर्षानुवर्षे बनलेली चेतक स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांना हे लगेच पटेल. मोटारसायकलचे इंजिन उघड्यावर, त्याला वाऱ्याचा झोत मिळतो. चेतकचे इंजिन पत्र्याच्या झाकणाआड, म्हणून त्याला आतून हवा मारणारा पंखा दिलेला. गेमिंग लॅपटॉप ही चेतक आहे. भोसरीत लेथवर काम करणारे आमचे बंधू तर हसतील; कूलंट सोडल्याशिवाय तेही भारी कटिंग करत नाहीत.

आणि संगणकाच्या उष्णतेशी झुंजणे पुण्याला नवीन नाही. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्या काळी अमेरिकेच्या क्रे-२ महासंगणकाचे भाग थंड राहावेत म्हणून चक्क एका खास द्रवात बुडवून ठेवलेले असत. अलीकडे पाषाणच्या आयसर संस्थेत बसवलेल्या ‘परम ब्रह्म’मध्येही उष्णता वाहून नेण्याचे काम द्रवच करतो. तिथे त्यासाठी वेगळी व्यवस्था असते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत ते सगळे काम दोन लहान पंख्यांवर.

तेव्हा बिघाड ओळखायचा कसा? आजच्या बहुतेक प्रोसेसरना ९५ ते १०० अंशांच्या आसपास मर्यादा कारखान्यातच घालून दिलेली असते. तिथे पोचताच तो स्वतःचा वेग कमी करतो. त्यापुढे गेलेच तर यंत्र आपण होऊन बंद पडते. म्हणून भारी कामात ८५-९० अंश दिसले तर घाबरू नये. काहीच न उघडता, नुसता पडदा चालू असताना तास-दोन तास तापमान नव्वदीत राहिले, तर मात्र शंका घ्यावी. पहिल्या एक-दोन दिवसांत यंत्र आतल्या आत अपडेट उतरवून घेत असते. तेवढ्या काळाच्या आवाजावरून निकाल देऊ नये. आवाजाचेही प्रकार आहेत. वाऱ्यासारखा ‘हूऽऽ’ हा निरोगी. बारीक, सुईसारखी शीळ त्रासदायक, पण सहसा निरुपद्रवी. करकर किंवा टकटक येत असेल तर पंख्यात दोष आहे, आणि तो वॉरंटीतच दुरुस्त करून घ्यावा.

त्या घरी आम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाला घेऊन गेलो. लॅपटॉप गोधडीवर ठेवलेला, म्हणजे खालून हवा घेण्याची भोकेच बंद. वर मे महिन्यातला पत्रा. खोलीची हवा दहा अंशांनी गरम असेल, तर आतले तापमानही साधारण तेवढेच चढते. पंखा काही हवा थंड करत नाही, ती नुसती फिरवतो. त्यात यंत्र सगळ्यात जोराच्या ‘परफॉर्मन्स’ मोडवर लावलेले. त्याने लॅपटॉप फळीवर ठेवला, मागच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे सरकवले, मोड ‘बॅलन्स्ड’ केला. शिवाय विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ केले. बऱ्याच यंत्रांत याने प्रोसेसरची जादा उसळी थांबते, वेग थोडा घटतो आणि उष्णता चांगलीच उतरते. ज्या यंत्रात हा पर्याय दिसत नाही, तिथे कंपनीने दिलेला ‘सायलेंट’ मोड आहेच. मुले खेळ खेळतात तेव्हा सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घालावी. १४४ ची हौस पंख्याच्या जिवावर होते.

तपकीर गल्लीत रंगीत दिव्यांचे कूलिंग पॅड मिळतात. आमचे मत विचाराल तर आधी ठोकळे लावून पाहावेत, बराचसा फायदा त्यातच आहे. मेट्रोचे आणि रस्त्यांचे खोदकाम जिथे चालू आहे, तिथली धूळ भोकांत साचते. मऊ ब्रशने महिन्याला झटकावी. आतली सफाई वर्षा-दीड वर्षाने, पण वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या केंद्रातच.

आईच्या धास्तीत मात्र तथ्य होते, फक्त जागा वेगळी. धोका पंख्यात नसून वायरिंगमध्ये असतो. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रीज, मिक्सर आणि हा चार्जर लावू नये. चार्जर उशीखाली ठेवू नये. यंत्राच्या धातूच्या भागाला बोट लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर घरात अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आपल्या जुन्या घरांत ते बहुधा नसते. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आला किंवा झाकण नीट बसेना, तर चार्जर काढून यंत्र बंदच करावे. सतत चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपला ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा घालता आली तर जरूर घालावी.

मुलीचे जड काम, ज्याला रेंडरिंग म्हणतात, ते आता वडील ड्युटीवर गेल्यावर सुरू होते. दिवसा सायलेंट मोडवर ती नुसती चित्रे जुळवते. एवढ्यावर त्या घरातली कटकट मिटली.

पण सगळे करूनही दोष राहिला, तर दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. बदलून मिळण्याची मुदत अनेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच यंत्रावर जड काम करून पाहावे. आवाजाचा व्हिडिओ आणि तापमानाचा फोटो काढावा, बिल जपावे, तक्रार ईमेलने लेखी द्यावी. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोग फी घेत नाही.