सर, तुम्ही कोण होणार?

डिसेंबर लागला की मावळातल्या शाळांत गॅदरिंगचे वारे वाहू लागतात आणि कुठल्या तरी बाईंच्या गळ्यात नाटक पडतं. बहुधा मराठीच्या बाईंच्या, कारण ‘तुमचं भाषेचं आहे ना’. मग कुणीतरी उतरवून ठेवलेली एकांकिका जुन्या वहीतून निघते, खणखणीत आवाजाची चार-पाच पोरं निवडली जातात, बाकीची झाडं, मावळे नाहीतर प्रेक्षक होतात आणि दुपारचे तास बुडवून पाठांतर सुरू होतं. लोणावळ्यात तुंगार्लीतल्या बंगल्यांची राखण करणाऱ्याचा मुलगा असो की भांगरवाडीतल्या दुकानदाराची मुलगी, शाळेत नाटकाशी गाठ पडते ती एवढीच. त्यात बाईंचा दोष नाही. नाटक वर्गात कसं वापरायचं, हे त्यांना कुणी करून दाखवलेलंच नसतं.

कागदावर मात्र सगळं जागच्या जागी आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्याच्या आराखड्यात ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा विषय आला. म्हणजे गेल्या दशकभरात बी.एड. झालेले गणिताचे आणि भूगोलाचे शिक्षकसुद्धा नाट्य शिकून बाहेर पडले, असं मानायचं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी या विषयाची एक फाइल होते. मुखपृष्ठावर मुखवट्याचं चित्र, आत ‘नाट्याचे महत्त्व’, शेवटी सही. पुढे शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाला पद असतं, त्यासाठी ए.टी.डी. ही पदविका असते, मुलांसाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा असतात. नाटकाच्या शिक्षकाला सहसा पदच नसतं. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तिथे कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक हवा, पण त्याची ‘कला’ म्हणजे नाटकच असेल याची हमी काय?

आपल्याकडे हे कधी झालंच नाही असं मात्र नाही. नाट्यछटा हा प्रकार मराठीत आणणारे ‘दिवाकर’, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे, पुण्यात शाळामास्तर होते. ब्राउनिंगच्या नाट्यात्म कवितांवरून त्यांना १९११ मध्ये ही वाट सुचली, आणि शाळेतल्या स्पर्धांत मुलं अजून नाट्यछटा म्हणतात. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत होत्या. वर्गातल्या मुलांसाठी नाटकं लिहून द्या म्हणून त्यांनी विजय तेंडुलकरांच्या मागे लकडा लावला. पुढे त्याच शाळेचं सभागृह ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेमुळे प्रायोगिक रंगभूमीचं घर झालं. सुधा करमरकर बालरंगभूमीचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला गेल्या, परतल्यावर १९५९ मध्ये त्यांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची रीत पुण्यात आली आणि ‘छान छोटे वाईट्ट मोठे’मध्ये मोठी माणसं लहान मुलं होऊन मुलांच्याच अडचणी बोलू लागली. ही परंपरा मोठी आहे, पण ती जवळपास सगळी रंगमंचाची. मुलाला नट करण्याची नाहीतर चांगला प्रेक्षक करण्याची. पस्तीस मिनिटांच्या तासात, बाकांच्या गर्दीत, नट न होणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न तिने फारसा अंगावर घेतला नाही.

तो घेतला इंग्लंडमधल्या एका गिरणी कामगार मुलीने. डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) चौदाव्या वर्षी यॉर्कशरच्या कापड गिरणीत मागावर उभी राहिली. नाट्यशिक्षणाला निघाली तेव्हा गिरणीच्या व्यवस्थापकाने तिच्या फीची सोय केली आणि सांगितलं, नाही जमलं तर तुझे माग आहेतच. माग तसेच राहिले. बाई न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना घडवत बसल्या. त्यांची कल्पना ऐकायला सोपी आहे: शिक्षकाने नाटक बसवू नये, स्वतः भूमिकेत शिरावं आणि मुलांना त्या प्रसंगात ओढावं. संहिता नाही, वेशभूषा नाही, प्रेक्षक नाहीत. सगळे आत.

आठवीच्या वर्गात हे कसं दिसेल? तुंगार्लीच्या आसपासच्या मुलांना वळवणचा तलाव रोजचा आहे. त्याचं पाणी उतरतं खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रात, जे १९१५ पासून चालू आहे. टाटांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. इतिहासात हे सांगून संपवता येतं. तास असाही घेता येतो: बाक भिंतीला सारायचे, तीन-तीन मुलांचं एक घर करायचं, घरात माणसं किती आणि खाचरं कुठे ते त्यांनीच ठरवायचं. सर बाहेर जातात आणि हातात मोजपट्टी घेऊन आत येतात, कंपनीचे मोजणीदार होऊन. आवाज चढवत नाहीत. “हे घर कुणाचं? माणसं किती? आंबेमोहोर कुठल्या खाचरात?” असं विचारत वहीत टिपत जातात. मग खडूने वर्गाच्या मधोमध एक रेघ ओढतात: पाणी इथवर येईल.

इथून पुढचं सरांच्या हातात नसतं. रेघेखालची घरं भांडायला उठतात, रेघेवरची गप्प राहतात, आणि ती का गप्प आहेत यावरून दुसरं भांडण पेटतं. कुणी देवळाचं विचारतं, कुणी पैसे किती मिळणार ते. सरांनी मोजपट्टी टेबलावर ठेवली की मोजणीदार गेला, सर परत आले. मग बसून बोलायचं. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला अर्जलेखन असेल, तर अर्ज कुणाला लिहायचा हे कुणी विचारत नाही.

वाचताना सोपं वाटतं. शिक्षक अडखळतात ते नेमक्या ठिकाणी. मोजणीदाराच्या तोंडून ‘ए, मागचे, गप्प बसा’ निघतं आणि सगळं मुसळ केरात. किंवा रेघ ओढल्यावर सरांनाच राहवत नाही आणि ते सत्याग्रहावर भाषण देतात. थांबायची खूण आधी ठरलेली नसते, म्हणून गोंगाट आवरत नाही आणि शेजारच्या वर्गावरचे सर डोकावतात. आणि एक गोष्ट याहून नाजूक. पवना धरणात जमिनी गेलेली कुटुंबं मावळात आहेत. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजोबांची ही खरी गोष्ट असू शकते. तिला ‘तुझ्या घरचं सांग’ म्हणायचं नाही, तिने आपणहून सांगितलं तर तिला तोडायचंही नाही. ही जाण व्याख्यानातून येत नाही.

लोणावळ्याला हे वेगळं पटवायची गरज पडू नये. कैवल्यधाम इथे १९२४ पासून आहे, तिथे योगशिक्षक तयार होतात, आणि आसनांची पुस्तकं वाचून कुणी योगशिक्षक होतो असं तिथे कुणी म्हणणार नाही. नाट्याचं प्रशिक्षण मात्र आपण प्रोजेक्टरवर उरकतो. माझ्या मते त्यातला निम्म्याहून जास्त वेळ शिक्षकांनी स्वतः उभं राहण्यात जायला हवा: आधी गावकरी होऊन, मग मोजणीदार होऊन, शेवटी दुसऱ्याचा तास पाहून टिपणं काढत. सोबत घशाची काळजी, कारण साठ पोरांपुढे रोज ओरडून तीस वर्षं काढायची असतात. हे एका शिबिरात होत नाही. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला शिक्षण परिषदेला एकत्र येतातच. त्यातला एक तास परिपत्रकांकडून काढून घेतला तर वर्षभराचा सराव होतो. शिकवणारी माणसंही दूर नाहीत. तळेगाव दाभाड्यात ‘कलापिनी’ ही संस्था आहे, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. शिक्षकांसाठी दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र (सी.सी.आर.टी.) १९७९ पासून कार्यशाळा घेतं, त्यात बाहुल्यांचं तंत्रही शिकवतात. लाजणारं मूल बाहुलीच्या आडून बोलतं, म्हणून ते फार कामाचं.

एन.सी.ई.आर.टी.ने २०२४ मध्ये सहावीसाठी काढलेल्या ‘कृती’ या कलेच्या पुस्तकात चित्र, संगीत, नृत्याबरोबर नाट्यालाही स्वतंत्र विभाग आहे. राज्याच्या शाळांतही आज ना उद्या असं काही येईल, तेव्हा वेळापत्रकात जागा कुठे, ही पहिली तक्रार असेल. मावळात तिचं उत्तर हवामानातच आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, आणि खेळाच्या तासाला मुलं वर्गात कोंडलेली. त्या तासांना सर बहुतेक वेळा ‘आपापला अभ्यास करा’ म्हणून सोडून देतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात मे महिन्यात झाली, तर मोजणीदाराला आत यायला ते तास पुरेसे आहेत. गॅदरिंगची वहीही मग डिसेंबरात शोधावी लागणार नाही. पावसाळ्यात वर्गात जे भांडण झालं असेल, त्यातूनच पोरं आपलं नाटक लिहून काढतील, आणि मराठीच्या बाईंना फक्त शुद्धलेखन तपासावं लागेल.